आत सगळं बदलतं, उंबरठा बदलत नाही : लिनक्स कर्नल वाढतं कसं

सप्टेंबर १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सची ०.०१ ही आवृत्ती खुली केली, तेव्हा तिच्यात कोडच्या जेमतेम दहा हजार ओळी होत्या. मार्च १९९४ मध्ये १.० आली, तोवर पावणेदोन लाख झाल्या. आज हा आकडा चार कोटींच्या घरात आहे. नुसता आकार पाहून थक्क होण्यात फारसा अर्थ नाही, कारण फुगलेलं सॉफ्टवेअर जगात पुष्कळ आहे. खरं नवल वेगळंच आहे. नव्वदच्या दशकात तयार केलेले कित्येक प्रोग्रॅम आजच्या कर्नलवरही चालतात आणि त्या काळच्या कर्नलमधलं मात्र आता जवळपास काहीच शिल्लक नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा साधतात, ते कळलं की मोठं सॉफ्टवेअर टिकतं कशावर हेही कळतं.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कोणाला किती द्यायची, प्रोसेसर कोणाला किती वेळ द्यायचा, डिस्क आणि नेटवर्कशी कसं बोलायचं, हे सगळं तो ठरवतो. ब्राउझर असो वा हिशेबाचा प्रोग्रॅम, फाइल उघडायची असली तरी त्याला कर्नलकडे मागावं लागतं. अशा मागणीला सिस्टिम कॉल म्हणतात. आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर लिनक्समध्ये असे साडेतीनशेहून जास्त कॉल आहेत. हाच कर्नलचा उंबरठा : एका बाजूला कर्नल, दुसऱ्या बाजूला जगभरचे प्रोग्रॅम.

या उंबरठ्याबद्दलचा नियम कडक आहे. काल चालणारा प्रोग्रॅम नव्या कर्नलवर बंद पडला, तर चूक कर्नलची. प्रोग्रॅम वेडावाकडा लिहिला होता, कर्नलच्या एखाद्या बगवरच तो टेकून उभा होता, ही सबब चालत नाही. अशा बिघाडाला ‘रिग्रेशन’ म्हणतात. झटपट दुरुस्ती निघाली तर ठीक, नाहीतर तो बदल मागे घेतला जातो आणि चर्चा नंतर होते. नियम व्यवहारातून आलेला आहे. कर्नल बदलल्यावर आपलं काम अडेल अशी भीती एकदा बसली, की लोक नवं कर्नल टाकतच नाहीत. मग सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत आणि नवे बगही कोणाला सापडत नाहीत.

आतल्या बाजूला मात्र कसलंच वचन नाही. कर्नलच्या एका भागाने दुसऱ्या भागाला हाक मारायची फंक्शन्स, डेटाची मांडणी, कुलपांची पद्धत यांतलं काहीही पुढच्या आवृत्तीत बदलू शकतं, असं कर्नलसोबतच्या दस्तऐवजांतच स्पष्ट लिहिलं आहे. अट एकच : जो फंक्शन बदलेल, त्यानेच ते वापरणाऱ्या सगळ्या जागा दुरुस्त करायच्या. चारशे ठिकाणी वापर असेल, तर चारशे ठिकाणी. हे जमायचं तर तो सगळा कोड एकाच झाडाखाली, म्हणजे एकाच सामाईक साठ्यात हवा. म्हणून लिनक्समध्ये ड्रायव्हर, म्हणजे एकेक उपकरण चालवणारा कोड, कर्नलच्या आतच राहतात. ग्राफिक्स कार्ड, वायफाय चिप, टचपॅड, सगळ्यांचे.

चार कोटींचा खुलासाही इथेच मिळतो. निम्म्याहून जास्त ओळी ड्रायव्हरांच्या आहेत. त्यातही एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या लाखो ओळी म्हणजे यंत्राने तयार केलेल्या रजिस्टरांच्या (चिपमधल्या छोट्या कप्प्यांच्या) याद्या आहेत. त्या कोणी हाताने लिहिलेल्या नाहीत आणि सहसा कोणी वाचतही नाही. प्रोसेस आणि मेमरी सांभाळणारा खरा गाभा एकूण आकाराच्या काही टक्केच भरेल. तेव्हा ओळी मोजून सॉफ्टवेअर किती गुंतागुंतीचं आहे ते ठरवायला जाऊ नये.

सॉफ्टवेअरच्या वाढीचा शास्त्रीय अभ्यास मेअर लेहमन यांनी आयबीएमच्या ओएस/३६० या प्रणालीपासून सुरू केला. त्यातून निघालेले पहिले दोन नियम सोपे आहेत. वापरात असलेलं सॉफ्टवेअर सतत बदलावंच लागतं. आणि मुद्दाम मेहनत घेतली नाही, तर प्रत्येक बदलागणिक त्याची गुंतागुंत वाढत जाते. यावरून अंदाज असा बांधला गेला, की आकार वाढेल तसा वाढीचा वेग मंदावेल. २००० साली कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या अभ्यासकांनी लिनक्स मोजलं, तर उलटंच दिसलं : वेग वाढतच होता. कारण पुन्हा ड्रायव्हर. एका नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर दुसऱ्याला सहसा शिवत नाही. असे शेकडो आले तरी त्यांचा भार एकमेकांवर पडत नाही, फक्त गाभ्याशी असलेला त्यांचा सांधा नीट सांभाळावा लागतो.

सांधा बदलायची रीत ठरलेली आहे. समजा एक फंक्शन वाईट आहे आणि ते चाळीस विभागांत पसरलंय. एकाच फटक्यात सगळं बदललं, तर चाळीस मेंटेनरांच्या (एकेक विभाग सांभाळणाऱ्यांच्या) कामाशी टक्कर होते. म्हणून आधी शेजारी नवं फंक्शन ठेवतात, मग विभागवार एकेक वापर त्याच्यावर हलवतात आणि शेवटी जुनं काढून टाकतात. मजकूर एका जागेहून दुसऱ्या जागी उतरवणाऱ्या ‘एसटीआरएल-कॉपी’ या फंक्शनचं असंच झालं. नक्कल छोटी करायची असली तरी ते मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचत जाई. मजकुराला शेवटची खूणच नसेल, तर वाचन भलत्याच मेमरीत शिरे. त्याला पर्याय २०१५ च्या ४.३ मध्ये आला आणि जुनं फंक्शन संपूर्ण नाहीसं व्हायला २०२४ ची ६.८ उजाडली. एवढी वर्षं लागण्यात कोणाला वावगं वाटलं नाही, कारण मधल्या काळात प्रत्येक आवृत्ती चालतच होती.

मोठ्या कुलपाची कथा याहून लांब आहे. १९९६ च्या २.० मध्ये एकाहून जास्त प्रोसेसर असलेल्या संगणकांसाठी सोय झाली. दोन प्रोसेसर एकाच वेळी कर्नलमध्ये शिरून एकच डेटा बिघडवू नयेत, म्हणून सगळ्यात सोपा उपाय केला गेला : संपूर्ण कर्नलला एकच कुलूप, आत एका वेळी एकच प्रोसेसर. दोन प्रोसेसरांपुरतं ते निभावलं. प्रोसेसर वाढले तशी रांग लागू लागली. मग विभागांना आपापली बारीक कुलपं मिळत गेली, पण मोठं कुलूप निघेना. जुन्या कोडमध्ये ते नेमकं कशाच्या रक्षणासाठी घेतलंय हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. शिवाय ते विचित्र होतं. कुलूप घेतलेला धारक झोपी गेला, म्हणजे कशाची तरी वाट बघत थांबला, की आपोआप सुटायचं, जागा झाला की परत लागायचं, आणि त्याच धारकाला ते दुसऱ्यांदाही घेता यायचं. त्याच्या जागी साधं कुलूप बसवलं की कुठेतरी काहीतरी अडकायचं. अखेर सर्वांसाठीच्या वाटेवरचं कुलूप एकेका ड्रायव्हरच्या आत ढकललं गेलं. मग ड्रायव्हरागणिक तपासणी झाली : इथे ते खरंच लागतं का? मे २०११ मध्ये २.६.३९ आली तेव्हा शेवटचा वापर निघाला. त्या स्थलांतराची खूण अजून आहे. ड्रायव्हरच्या फंक्शनांच्या यादीत आजही ‘अनलॉक्ड आयओसीटीएल’ असं नाव दिसतं (आयओसीटीएल म्हणजे उपकरणाला खास आज्ञा देण्याचा कॉल). कुलूप जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ‘बिनकुलपाचं’ हे बिरुद चिकटलेलंच आहे.

अशी पंधरा-पंधरा वर्षांची कामं चालू असताना दर काही आठवड्यांनी वापरता येईल असं कर्नल बाहेर पडतं, ते वेळापत्रकामुळे. पूर्वी हे नव्हतं. २.४, २.६ अशा सम क्रमांकाच्या आवृत्त्या वापरायच्या आणि २.३, २.५ अशा विषम क्रमांकाच्या प्रयोगाच्या, अशी विभागणी होती. २.४ जानेवारी २००१ मध्ये आली आणि २.६ डिसेंबर २००३ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षं नवं हार्डवेअर थांबून राहिलं नाही. रेड हॅट, सुसे यांसारख्या, लिनक्सचा तयार संच देणाऱ्या वितरकांनी प्रयोगातले बदल उचलून आपापल्या २.४ मध्ये बसवले. नाव एकच, पण प्रत्येकाचं कर्नल निराळं झालं. शिवाय आपला बदल या वेळी राहिला तर पुढची संधी काही वर्षांनी, म्हणून जो तो अर्धवट काम आत ढकलायला बघे.

२००४ पासून ही पद्धत सोडली. आता आवृत्ती नऊ किंवा दहा आठवड्यांत येते, काय तयार आहे काय नाही ते न बघता. पहिले दोन आठवडे ‘मर्ज विंडो’. नवं ते एवढ्याच काळात आत येतं. ती मिटली की आरसी-१ (आरसी म्हणजे रिलीज कँडिडेट, अंतिम आवृत्तीआधीची चाचणी-आवृत्ती) निघते आणि तिथून पुढे फक्त दुरुस्त्या. दर रविवारी एक आरसी, सातवी किंवा आठवी झाली की अंतिम आवृत्ती, आणि लगेच पुढची विंडो उघडते. एका फेरीत साधारण बारा ते पंधरा हजार बदल येतात आणि दोन हजारांच्या आसपास लोकांचा हात लागतो. बदल हुकला तर थांबायचं फक्त दोन-अडीच महिने, म्हणून मेंटेनरला ‘अजून कच्चं आहे, पुढच्या वेळी बघू’ असं सहज म्हणता येतं. या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा माझ्या मते हाच.

त्या पंधरा हजारांतल्या एका बदलाचा प्रवास असा. एका पॅचमध्ये, म्हणजे पाठवलेल्या एका बदलात, एकच गोष्ट. वर्णनात काय बदललं यापेक्षा का बदललं ते जास्त. खाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ : हा कोड देण्याचा मला अधिकार आहे, अशी लेखी हमी. २००३ मध्ये एससीओ कंपनीने आपला कोड लिनक्समध्ये घातल्याचा आरोप करत आयबीएमवर दावा लावला, त्यानंतर २००४ मध्ये ही ओळ आली. कर्नलसोबत येणारी एक स्क्रिप्ट लिहिण्याची शिस्त तपासते, दुसरी हा पॅच कोणाकडे पाठवायचा ते सांगते. पॅच साध्या मजकुराच्या ईमेलने जातो. टाचणी म्हणून जोडलेली फाइल किंवा सजवलेला मेल तिथे चालत नाही. शेरे येतात, दुसरी आवृत्ती जाते, तिसरी जाते. नवख्यांचा बहुतेक वेळ इथेच जातो. दहा गोष्टी एकत्र केलेला लठ्ठ पॅच असेल, तर बरेचदा उत्तरच येत नाही, कारण तो तपासायला कोणाकडे सलग वेळ नसतो. मान्य झालेला पॅच विभागाच्या मेंटेनरच्या झाडात जातो, तिथून ‘लिनक्स-नेक्स्ट’मध्ये. २००८ पासून चालणाऱ्या या झाडात सगळ्या विभागांचं काम कामाच्या दिवशी रोज एकत्र करून बघतात, म्हणजे टकरी विंडो उघडण्याआधीच कळतात. मग मेंटेनर टोरवाल्ड्सना एकगठ्ठा घेण्याची विनंती पाठवतो.

एवढी वाहतूक हाताने सांभाळणं अशक्य झालं तेव्हा २००२ मध्ये बिटकीपर हे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं, खासगी मालकीचं साधन घेतलं होतं. एप्रिल २००५ मध्ये त्याचा फुकट परवाना गेला आणि टोरवाल्ड्सनी काही दिवसांत त्याच कामाचं गिट हे साधन उभं केलं. जून २००५ ची २.६.१२ ही गिटवर सांभाळलेली पहिली आवृत्ती. आज जगातले बहुतेक प्रोग्रॅमर जे साधन रोज वापरतात, त्याची सुरुवात ही.

बिघाड शोधण्याची रीतही गिटनेच सोपी केली. मागची आवृत्ती चालत होती आणि ही चालत नाही, मध्ये तेरा हजार बदल. गिटमधली ‘बायसेक्ट’ ही आज्ञा मधोमधचं कर्नल काढून देते. ते बांधायचं (कोडपासून चालणारं कर्नल तयार करायचं), चालवायचं, चांगलं की वाईट ते सांगायचं. दर वेळी उरलेले निम्मे बाद होतात, त्यामुळे जास्तीत जास्त चौदा फेऱ्यांत दोषी पॅच हाती लागतो. कोडातलं एक अक्षर कळत नसलेल्या माणसालाही हे जमतं. पण एका अटीवर : मालिकेतल्या प्रत्येक पॅचपाशी कर्नल बांधता आणि चालवता आलं पाहिजे. पाचव्या पॅचने मोडायचं आणि सहाव्याने जोडायचं असं केलं, तर शोध नेमका त्या खड्ड्यात अडकतो. पॅच बारीक आणि स्वयंपूर्ण हवेत हा आग्रह मुख्यतः यासाठी.

सापडलेली दुरुस्ती आधी मुख्य झाडात जाते आणि तिथूनच जुन्या, स्थिर आवृत्त्यांत उतरते, उलट कधीच नाही. स्थिर आवृत्तीत येणारा पॅच आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींहून मोठा नसावा असा लेखी नियम आहे.

काही गोष्टी काढूनही टाकतात. इंटेलच्या ज्या ३८६ प्रोसेसरसाठी लिनक्स जन्मलं, त्याचाच आधार २०१३ च्या ३.८ मध्ये निघाला. २०१८ च्या ४.१७ मध्ये आठ प्रकारच्या प्रोसेसरांचा मिळून सुमारे पाच लाख ओळींचा कोड गेला, तर जानेवारी २०२४ च्या ६.७ मध्ये इंटेलच्या आयटॅनियम प्रोसेसरचा. यात वचन मोडतं का? व्यवहारात उत्तर असं आहे की वापरणारा उरला नसेल तर मोडलेलं नाही. खरा वापरकर्ता पुढे आला आणि सांभाळायलाही कोणी तयार झालं, तर काढलेला कोड परत आणता येतो.

उंबरठ्यावर झालेल्या चुका मात्र कायमच्या. फाइल उघडण्याच्या ‘ओपन’ या कॉलला सोबत फ्लॅग, म्हणजे फाइल कशी उघडायची ते सांगणाऱ्या खुणा, द्यायची सोय आहे, पण ओळखीचा नसलेला फ्लॅग आला तर तो निमूट दुर्लक्ष करतो. म्हणजे नवा फ्लॅग काढला, तर जुनं कर्नल तो गिळून ‘झालं काम’ म्हणेल आणि प्रोग्रॅमला पत्ताही लागणार नाही. आता अनोळखी फ्लॅगला नकार द्यायला शिकवावं, तर आजवर चुकून कचरा पाठवणारे प्रोग्रॅम मोडतील. २०१३ मध्ये तात्पुरत्या फाइलचा नवा फ्लॅग आणताना त्यात ‘ही डिरेक्टरी (फोल्डर) आहे’ या जुन्या फ्लॅगचा बिट मुद्दाम मिसळावा लागला, जेणेकरून जुनं कर्नल निदान अडखळून चूक दाखवेल. २०२० च्या ५.६ मध्ये ‘ओपनॅट-२’ हा नवा कॉल आला. तो अनोळखी फ्लॅगला सरळ नकार देतो. जुना आहे तिथेच आहे. उघडलेल्या फाइलला कर्नल जो क्रमांक देतो त्याची प्रत काढणारे डप, डप-२, डप-३ असे तीन कॉल शेजारी नांदतात तेही याच जातीच्या कारणाने : पहिल्या दोघांत फ्लॅगला जागाच ठेवली नव्हती.

आवृत्तीचा क्रमांकसुद्धा वचन होऊन बसतो. २०११ मध्ये २.६.३९ नंतर थेट ३.० आली. आत क्रांती वगैरे काही नव्हती, आकडे फार लांबले होते एवढंच. तरी काही प्रोग्रॅम मोडले, कारण क्रमांक २.६ नेच सुरू होणार हे त्यांनी धरून ठेवलं होतं. उपाय म्हणून कर्नलला अशा प्रोग्रॅमशी खोटं बोलायला शिकवलं : त्यांना ३.० हे २.६.४० म्हणून दिसतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये स्थिर मालिकेतल्या ४.९ चा शेवटचा आकडा २५६ वर पोचला. आतल्या हिशेबात त्या आकड्याला आठच बिट ठेवलेले, म्हणजे कमाल २५५. पुढे गेलं की ४.९.२५६ हे ४.१० वाटणार. बिट वाढवले तर तो हिशेब स्वतः करणारे बाहेरचे प्रोग्रॅम चुकणार. शेवटी हिशेबातला आकडा २५५ वरच गोठवला.

आता खिशातला फोन. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सच आहे, मग दोन-तीन वर्षांतच त्याचे अपडेट का आटायचे? चिप बनवणाऱ्याने एक कर्नल उचललं, आपले ड्रायव्हर त्यात घातले, पण ते मुख्य झाडात दिलेच नाहीत. फोन कंपनीने त्यावर आपली भर घातली. आत वचन नसल्याने पुढच्या कर्नलमध्ये फंक्शन्स बदलली, झाडातले ड्रायव्हर सोबत दुरुस्त झाले आणि बाहेरचे मागे राहिले. ते नव्या कर्नलवर आणायचं काम कोणीतरी पैसे खर्चून करायला हवं, आणि विकून झालेल्या फोनसाठी ते कोणी करत नाही. गूगलने २०१७ मध्ये प्रोजेक्ट ट्रेबल आणून अँड्रॉइड आणि चिपचा कोड यांच्यात पक्की सीमा आखली. पुढे कर्नलचा गाभा सर्वांना एकच देऊन चिपवाल्यांचे ड्रायव्हर वेगळ्या मॉड्यूलमध्ये (नंतर जोडता येणाऱ्या तुकड्यांत) काढले. त्यासाठी गाभा आणि मॉड्यूल यांच्यातला सांधा त्या-त्या कर्नलपुरता गोठवावा लागला. म्हणजे मूळ प्रकल्प जे वचन देत नाही, ते गूगलने आपल्या खर्चाने दिलं.

पुढची मोठी कसोटी तारखेनिशी ठरलेली आहे. जुन्या ३२ बिटांच्या प्रणालींवर वेळ म्हणजे १९७० पासूनचे सेकंद, एका ३२ बिटांच्या आकड्यात. तो १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ १९०१ मध्ये जातं. जुने कॉल रुंद करता येत नाहीत, म्हणून २०१९ च्या ५.१ मध्ये त्यांच्या शेजारी ६४ बिटांचे नवे कॉल आले आणि ५.६ पर्यंत कर्नलच्या बाजूचं काम पुरं झालं. डिस्कवरच्या तारखांचं वेगळं बघावं लागतं. एक्स्ट-४ या लिनक्सच्या फाइल-व्यवस्थेत आयनोड (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) २५६ बाइटचा असेल तर तारखा २४४६ पर्यंत पुरतात, १२८ चा असेल तर २०३८ लाच संपतात. डिस्कच्या लहान विभाजनांवर पूर्वी १२८ चाच बसायचा. तेव्हा जुन्या राउटरची किंवा यंत्रात बसवलेल्या बोर्डाची डिस्क ट्यून-टू-एफएस या साधनाने एकदा तपासून घ्यावी. प्रोग्रॅमही नव्या कॉलसाठी पुन्हा बांधावे लागतात. डेबियन या लिनक्स-संचाने २०२५ च्या तेराव्या आवृत्तीत ३२ बिटांच्या एआरएम प्रोसेसरांसाठी ते केलं. इंटेलच्या जुन्या ३२ बिटांसाठी मुद्दाम केलं नाही : ती शाखा आता मुख्यतः जुने, पुन्हा बांधता न येणारे प्रोग्रॅम चालवण्यापुरतीच ठेवली आहे, आणि वेळ रुंद केली असती तर नेमके तेच मोडले असते.